एडीएचडी: निदान, गोळी आणि दुसरीतले मूल

पुण्यातील एका इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दुसरीत शिकणाऱ्या मुलाच्या आईने प्रश्न विचारला आहे. मुलाला डिसेंबरमध्ये सात वर्षे पूर्ण झाली. तो वर्गात एका जागी बसत नाही, फळ्यावरचे पूर्ण उतरवून घेत नाही, शेजारच्या मुलांच्या कामात ढवळाढवळ करतो, असे शेरे डायरीत सारखे येतात. शाळेच्या समुपदेशकांनी तज्ज्ञाकडे पाठवले. त्या तज्ज्ञांनी पहिल्याच भेटीत, अर्ध्या तासात, एडीएचडीचे, म्हणजे लक्ष न टिकणे आणि अतिचंचलता असलेल्या विकाराचे, निदान करून मिथाइलफेनिडेट हे त्यावरील औषध लिहून दिले. औषध सुरू केल्याशिवाय पुढच्या वर्षाचा विचार करता येणार नाही, असे शाळेने सुचवले आहे. सासूबाई म्हणतात, याचा बाप लहानपणी असाच होता. यजमान म्हणतात, हा अमेरिकी औषध कंपन्यांनी काढलेला आजार आहे. न्यू जर्सीतील नणंदेचा मुलगा मात्र दोन वर्षे हीच गोळी घेतो आहे आणि त्याचे चांगले चालले आहे. यातले खरे काय मानायचे आणि आता काय करायचे, असा त्यांचा प्रश्न आहे.

मुलाला मी तपासलेले नाही, त्यामुळे त्याला हा विकार आहे किंवा नाही हे येथून सांगणे योग्य होणार नाही. एवढे मात्र सांगू शकते की विकार खरा आहे, औषधाने त्याची लक्षणे कमी होतात हेही खरे आहे, आणि तरीही आपण दिलेल्या माहितीवरून आज गोळी सुरू करण्याइतका आधार मला दिसत नाही. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात हे विसरल्यामुळे या विषयावरचा वाद वर्षानुवर्षे त्याच जागी फिरत राहिला आहे. एक बाजू विकार खरा असल्याचे सिद्ध करून थांबते, दुसरी गोळ्या वारेमाप दिल्या जातात एवढे दाखवून थांबते, आणि समोर बसलेल्या मुलाबाबत निर्णय कसा घ्यायचा हा प्रश्न दोन्हींकडून सुटून जातो.

यजमानांच्या म्हणण्यापासून सुरुवात करते. लक्ष न टिकणाऱ्या, सतत चुळबुळ करणाऱ्या मुलांची वैद्यकीय वर्णने औषधांच्या जाहिरातींपेक्षा पुष्कळ जुनी आहेत. अलेक्झांडर क्राइटन या स्कॉटिश वैद्याने १७९८ मध्ये, आणि जॉर्ज स्टिल या बालरोगतज्ज्ञाने १९०२ मध्ये लंडनमधील व्याख्यानांत अशा मुलांचे वर्णन केले होते. औषधाचा उपयोग तर अपघातानेच लक्षात आला. अमेरिकेतील ऱ्होड आयलंड येथे मुलांच्या रुग्णालयात काम करणाऱ्या चार्ल्स ब्रॅडली यांनी तपासणीनंतर होणाऱ्या डोकेदुखीसाठी काही मुलांना बेन्झेड्रिन हे उत्तेजक औषध दिले, तेव्हा डोकेदुखीत फारसा फरक पडला नाही, पण त्यातली बरीच मुले अभ्यासाला शांतपणे बसू लागली. हे निरीक्षण त्यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केले. मिथाइलफेनिडेट त्यानंतर, १९४४ मध्ये, स्वित्झर्लंडमधील सिबा कंपनीत तयार झाले. विकाराचे नाव आणि त्याच्या व्याख्येची कुंपणे मानसिक विकारांच्या अमेरिकी वर्गीकरणात १९६८, १९८० आणि १९८७ मध्ये बदलत गेली, परंतु ज्यांच्यासाठी ती बदलली ती मुले आधीपासून होतीच.

सासूबाईंचे वाक्य मला जवळजवळ प्रत्येक कुटुंबात ऐकायला मिळते, आणि ते नेहमी निदानाच्या विरोधात, पुरावा म्हणून मांडले जाते. खरे तर ते निदानाच्या बाजूने जाते. जुळ्या मुलांच्या अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार केला असता या विकारातील आनुवंशिकतेचा वाटा सुमारे ७४ टक्के भरतो, म्हणजे उंचीच्या खालोखालच. वडील तसेच होते आणि पुढे त्यांचे सगळे मार्गी लागले, ही आनंदाची गोष्ट आहे. त्यावरून विकार नाही असे मात्र ठरत नाही. वडिलांना शाळेत किती मार बसला, किती वर्षे आपण मठ्ठ आहोत असे वाटत राहिले, हे त्यांना एकदा निवांत विचारून पाहावे असे मी सुचवीन.

तरीही यजमानांच्या शंकेत तथ्य आहे. या विकारासाठी रक्ताची तपासणी नाही, मेंदूचा स्कॅन नाही. रक्तदाबाप्रमाणे लक्ष टिकण्याची क्षमताही सर्व माणसांत कमीअधिक प्रमाणात पसरलेली असते आणि कोणत्या आकड्यापुढे विकार म्हणायचे, ही रेघ माणसांनीच आखलेली असते. रेघ माणसांच्या हातात असली की ती सरकवण्यात ज्यांचा फायदा आहे ते ती सरकवतात. अमेरिकेत २०१४ मध्ये शायर या कंपनीने सरकारशी ५ कोटी ६५ लाख डॉलरची तडजोड केली. ॲडरॉल एक्सआर हे एडीएचडीवरील औषध आणि इतर औषधांबद्दल पुराव्यापलीकडचे दावे करून विक्री वाढवल्याचा आरोप तिच्यावर होता. ज्यांच्या नावाची प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते आणि ज्यांनी या मुलांवरील औषधांचे सुरुवातीचे अभ्यास केले, त्या कीथ कॉनर्स यांनीच २०१३ मध्ये अमेरिकेतील निदानांच्या वाढीला राष्ट्रीय आपत्ती म्हटले होते. हे म्हणणारा माणूस विकार मानणारा होता, हे महत्त्वाचे.

जगभरातील अभ्यास एकत्र करून २००७ मध्ये काढलेले शालेय वयातील प्रमाण ५.२९ टक्के होते. अमेरिकेत २०२२ साली पालकांना विचारून केलेल्या पाहणीत ३ ते १७ वयोगटातील ११.४ टक्के मुलांना कधी ना कधी हे निदान झाल्याचे आढळले, आणि सध्या निदान असलेल्यांपैकी निम्म्याहून थोडी अधिक मुले औषध घेत होती. आपल्याकडे कोईमतूर येथील प्राथमिक शाळांतील पाहणीत, जी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली, ११.३२ टक्के हा आकडा आला. एवढा फरक मुलांच्या मेंदूंत नसून निकष किती काटेकोरपणे लावले यात आहे. नियम तसे स्पष्ट आहेत: लक्ष न टिकण्याच्या नऊपैकी किमान सहा किंवा अतिचंचलतेच्या नऊपैकी किमान सहा लक्षणे, तीही वयाच्या मानाने जास्त आणि किमान सहा महिने टिकलेली, बाराव्या वर्षाआधीची सुरुवात, घर आणि शाळा अशा किमान दोन ठिकाणी आढळ, त्यामुळे मुलाच्या जगण्यात प्रत्यक्ष अडथळा, आणि दुसऱ्या कोणत्या कारणाने याचा उलगडा होत नसल्याची खात्री. शेवटच्या तीन अटी वेळखाऊ आहेत, म्हणून घाईत नेमक्या त्याच गळतात.

आता आपल्या मुलाच्या जन्ममहिन्याकडे वळते, कारण आपल्या पत्रातील मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली माहिती तीच आहे आणि ती आपण सहज सांगून गेला आहात. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया प्रांतात शाळाप्रवेशासाठी वयाची मर्यादा ३१ डिसेंबर आहे. तेथील नऊ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदींचा २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यास सांगतो की डिसेंबरात जन्मलेल्या मुलग्यांना हे निदान होण्याची शक्यता जानेवारीत जन्मलेल्या मुलग्यांपेक्षा ३० टक्क्यांनी अधिक होती आणि औषध मिळण्याची शक्यता ४१ टक्क्यांनी. मुलींमध्ये ही तफावत आणखी मोठी, अनुक्रमे ७० आणि ७७ टक्के. अमेरिकेत ज्या राज्यांत १ सप्टेंबर ही मर्यादा आहे, तेथे २०१८ मधील अभ्यासात ऑगस्टमध्ये जन्मलेल्यांत दर दहा हजारांमागे ८५ निदाने होती, सप्टेंबरमध्ये जन्मलेल्यांत ६४. डिसेंबर आणि जानेवारीच्या मुलांचे मेंदू जन्मतः इतके वेगळे नसतात. वेगळे असते ते वर्गातले स्थान: एक वर्गातला सर्वांत धाकटा असतो, दुसरा सर्वांत थोरला, आणि बाई दोघांना एकाच मापाने मोजतात. डेन्मार्कमध्ये लहान वाटणाऱ्या मुलाला वर्षभर उशिरा शाळेत घालण्याची मोकळीक पालक सर्रास वापरतात, आणि तेथे हा परिणाम जवळपास दिसत नाही.

महाराष्ट्रातही पहिलीच्या प्रवेशासाठी सहा वर्षे पूर्ण होण्याची मर्यादा आता ३१ डिसेंबर आहे. शाळा मात्र जूनमध्ये सुरू होते. म्हणजे आपला मुलगा साडेपाच वर्षांचा असताना पहिलीच्या बाकावर बसला आणि त्याच्या शेजारी जवळजवळ साडेसहा वर्षांचे मूल होते. या वयात एका वर्षाचे अंतर फार मोठे असते. त्यात भर म्हणजे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी मेंदू-चित्रण अभ्यासात एडीएचडी असलेल्या मुलांत मेंदूच्या बाह्यस्तराची जाडी सरासरी साडेदहाव्या वर्षाच्या आसपास शिखरावर पोहोचली, तर इतर मुलांत साडेसातव्या वर्षी. विकासाचा क्रम तोच होता, वेळ उशिराची होती. खरा विकार आणि केवळ कमी वय ही दोन्ही बाहेरून सारखी का दिसतात, हे यावरून समजेल. ती एकाच भेटीत वेगळी ओळखणे मला तरी जमत नाही.

योग्य तपासणीत काय असावे, हे आता सविस्तर सांगते. आई आणि वडील दोघांशी स्वतंत्र बोलणे, गरोदरपण आणि बाळंतपणापासूनचा विकासाचा इतिहास, आणि किमान दोन शिक्षकांकडून भरून घेतलेली प्रश्नावली, हा पाया आहे. दोन शिक्षक अशासाठी की एकाच बाईंच्या तासाला होणारा त्रास कधी कधी त्या तासाबद्दल अधिक सांगतो. आपल्याकडच्या भाषांत वापरण्यासाठी इनक्लेन या संशोधन-संस्थेची भारतीय निदान-प्रश्नावलीही उपलब्ध आहे, तिचा वापर करावा. कान आणि डोळे तपासावेत. घोरणे आणि तोंडाने श्वास घेणे आहे का ते विचारावे, कारण ॲडिनॉइड, म्हणजे नाकामागची गाठ, वाढलेले मूल रात्री नीट झोपत नाही आणि झोप न झालेले लहान मूल मोठ्या माणसासारखे पेंगत नाही, उलट पिसाटल्यासारखे वागते. हिमोग्लोबिन आणि शरीरातील लोहाचा साठा पाहावा. क्षणभर शून्यात बघून पुन्हा भानावर येणाऱ्या मुलाला एक प्रकारची फेफरे असू शकतात. लक्ष नसलेला म्हणून अशा मुलाला शिक्षा झालेली मी पाहिली आहे.

वाचन-लेखन मुळातच जड जाणारे मूल फळ्यावरून उतरवून घेताना चुळबुळ करणारच. अध्ययन-अक्षमतेची रीतसर चाचणी साधारण आठव्या वर्षापासून, तिसरीच्या सुमारास करतात, त्यामुळे आपल्या मुलाबाबत तो भाग आज अर्धवटच राहणार. येथे एक कायदेशीर बाब ध्यानात ठेवा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत विशिष्ट अध्ययन-अक्षमता आहे, एडीएचडी स्वतंत्रपणे नाही. परीक्षेतील सवलतींसाठी धावणाऱ्या पालकांना हा फरक बहुधा दहावीच्या तोंडावर कळतो.

भाषेचाही विचार करावा. घरी मराठी बोलणारे मूल वर्गात दिवसभर इंग्रजी ऐकते, त्यातले निम्मे त्याच्या डोक्यावरून जाते, आणि मग ते खिडकीबाहेर बघते. मराठीत गोष्ट सांगितली तर हेच मूल वीस मिनिटे मांडी घालून ऐकते का, ही साधी परीक्षा आपण घरीच घेऊ शकता. मोबाइलवर तासभर खिळून बसतो म्हणजे लक्ष चांगले आहे, हा निष्कर्ष मात्र काढू नये. दर क्षणाला बक्षीस देणाऱ्या पडद्यावर लक्ष टिकणे आणि कंटाळवाण्या कामावर ते टिकवणे या वेगळ्या क्षमता आहेत, आणि विकारात अडचण दुसरीची असते. ‘ब्रेन मॅपिंग’, म्हणजे मेंदूतील विद्युत-लहरींचा आलेख, काढून निदान पक्के करून देतो असे सांगणारी केंद्रे मोठ्या शहरांत निघाली आहेत. केवळ त्या आलेखावर निदान करता येत नाही, ते पैसे वाचवावेत.

एवढे वाचून असे वाटेल की मी निदानाच्या विरोधात आहे. वस्तुस्थिती अशी की ज्या शहरात खाजगी शाळांतील धाकटी मुले घाईने तज्ज्ञाकडे पाठवली जातात, त्याच शहरातील महापालिकेच्या शाळेत खरा विकार असलेली मुले मस्तीखोर, ढ, वाया गेलेली या शिक्क्यांसह मार खात आठवीपर्यंत ढकलली जातात आणि मग गळतात. मुलींचे आणखी वेगळे. ती पळत नाही, ओरडत नाही, तिसऱ्या बाकावर बसून स्वतःच्या विचारांत असते, वही अर्धी राहते, आणि तिला आळशी म्हटले जाते. तिची तक्रार कोणी घेऊन येत नाही, कारण तिचा त्रास वर्गाला होत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या तपासणी-यादीत २०१३ पासून हा विकार आहे आणि जिल्हा पातळीवरील शीघ्र हस्तक्षेप केंद्रांत अशा मुलांना पाठवता येते, परंतु शिक्षकाने नाव सुचवल्याशिवाय मूल तेथे पोहोचत नाही. अतिनिदान आणि निदानच न होणे या दोन चुका एकमेकींना तोलून धरत नाहीत. त्या वेगवेगळ्या मुलांच्या वाट्याला येतात, आणि म्हणून ‘निदाने जास्त होतात की कमी’ हा प्रश्न मला निरर्थक वाटतो.

आता औषधाकडे. मिथाइलफेनिडेट मेंदूच्या पुढच्या भागातील डोपामिन आणि नॉरएड्रेनालिन या संदेशवाहक रसायनांचे पुनर्शोषण रोखते, म्हणजे ती जास्त वेळ उपलब्ध राहतात. साधी गोळी अर्ध्या-पाऊण तासात काम करू लागते आणि तीन-चार तासांत तिचा प्रभाव ओसरतो. दीर्घकाळ चालणारे प्रकार आठ ते बारा तास टिकतात. योग्य निदान झालेल्या मुलांपैकी साधारण दहांपैकी सात मुलांना चांगला उपयोग होतो, जे मानसोपचारातील कोणत्याही औषधाच्या मानाने उत्तम आहे. पण गोळी दिल्यावर मूल शांत बसले म्हणजे निदान बरोबर ठरले, हा तर्क चुकीचा आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत १९७८ मध्ये कोणताही विकार नसलेल्या १४ मुलग्यांना याच वर्गातील औषध दिले गेले, तेव्हा त्यांचेही लक्ष वाढले आणि हालचाल कमी झाली. आपल्या मुलाला गोळी दिली तर तो कदाचित सुधारलेला दिसेल. त्यातून त्याला विकार आहे हे कळणार नाही.

औषधाकडून काय अपेक्षा ठेवावी, याबाबत सर्वांत बोलका अभ्यास अमेरिकेतील सहा केंद्रांत सात ते नऊ वर्षांच्या ५७९ मुलांवर झाला आणि त्याचे पहिले निष्कर्ष १९९९ मध्ये आले. चौदा महिन्यांत, मूळ लक्षणांच्या बाबतीत, काटेकोरपणे दिलेले औषध केवळ वर्तनोपचारापेक्षा, म्हणजे पालक-शिक्षकांना शिकवून मुलाचे वागणे बदलण्याच्या उपचारापेक्षा, सरस ठरले. औषध आणि वर्तनोपचार एकत्र मिळालेल्या गटात औषधाचा डोस कमी पुरला. पण माझ्या दृष्टीने महत्त्वाचा आहे तो चौथा गट. या मुलांना त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे सोडले होते. त्यांतील सुमारे दोन तृतीयांश मुले औषधावर होती, तरी त्यांची सुधारणा कमी झाली. गोळी तीच असून फरक पडला, कारण अभ्यासातील मुलांचा डोस मापून ठरवला होता, दरमहा भेट होत होती आणि शिक्षकांकडून माहिती घेतली जात होती. आपल्याकडे चिठ्ठी लिहून ‘तीन महिन्यांनी या’ असे सांगितले जाते, तेव्हा मूल या चौथ्या गटात जमा होते. पुढे, तीन वर्षांच्या टप्प्यावर, चारही गटांतील फरक मावळला होता. औषधाचे गुण अल्पकाळात ठळक आणि दीर्घकाळात धूसर आहेत, हे डॉक्टरांनी पालकांना पहिल्याच दिवशी सांगावे.

शिकण्याबाबतही असेच आहे. ७ ते १२ वर्षांच्या १७३ मुलांवर उन्हाळी वर्गात झालेल्या आणि २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात औषधावर असताना मुलांनी जास्त गणिते सोडवली, नियमही कमी मोडले, परंतु नवीन धडा त्यांना औषधामुळे अधिक चांगला समजला असे दिसले नाही. गोळी मुलाला बाकावर बसवते. तेथे बसल्यावर त्याला काय मिळते, हे शिकवणाऱ्यावर अवलंबून राहते.

दुष्परिणामांची भीती काही अंशी रास्त आहे. भूक मंदावते, विशेषतः दुपारचा डबा परत येतो. झोप लांबते. पोट किंवा डोके दुखते, काही मुले संध्याकाळी चिडचिडी होतात. वर सांगितलेल्या ५७९ मुलांच्या अभ्यासात सातत्याने औषध घेणारी मुले तीन वर्षांत उंचीने सुमारे दोन सेंटिमीटर मागे राहिली. म्हणून उंची, वजन, नाडी आणि रक्तदाब यांची नोंद ठेवलेली नसेल, तर औषधोपचार नीट चाललेला नाही असे समजावे. हृदयाबाबत बारा लाख मुले आणि तरुणांच्या २०११ मधील अभ्यासात गंभीर घटनांची वाढ आढळली नाही, तरी घराण्यात तरुण वयात अचानक मृत्यू झाला असल्यास किंवा मुलाला हृदयविकार असल्यास आधी हृदयरोगतज्ज्ञांचे मत घ्यावे. व्यसनाची धास्ती मात्र अवाजवी आहे. लहानपणी हे औषध घेतलेल्यांत पुढे व्यसनाधीनता वाढत नाही, असेच एकत्रित अभ्यास सांगतात. औषधाचा गैरवापर होतो तो मुख्यतः ज्यांना ते लिहून दिलेले नाही अशा मोठ्या मुलांकडून. म्हणूनच आपल्याकडे ते ‘शेड्यूल एक्स’ या कडक नियंत्रणाखालील औषधांच्या यादीत आहे, चिठ्ठी दोन प्रतींत लागते, एक प्रत केमिस्ट दोन वर्षे जपून ठेवतो, आणि कित्येक केमिस्ट ही कटकट नको म्हणून औषध ठेवतच नाहीत. नणंदबाईंनी तिकडून गोळ्या पाठवण्याची तयारी दाखवली तर नकार द्यावा. मूल ‘झोंबीसारखे’ झाले, असे कोणी सांगितले तर तो डोस जास्त झाल्याचा पुरावा असतो आणि तो कमी करायचा असतो.

औषध आधी की वर्तनोपचार आधी, याबाबत जाणकारांत थोडा मतभेद आहे. अमेरिकी बालरोगतज्ज्ञांची संघटना सहा वर्षांखालील मुलांसाठी प्रथम पालक-प्रशिक्षण, आणि त्यापुढे औषध व वर्तनोपचार दोन्ही एकत्र सुचवते. ब्रिटनची २०१८ ची मार्गदर्शक तत्त्वे अधिक सावध आहेत: पाच वर्षांपुढील मुलांतही आधी घर-शाळेतील परिस्थितीत बदल करून पाहावेत, आणि त्यानंतरही लक्षणीय अडथळा उरला तरच औषध द्यावे. माझा कल ब्रिटिश पद्धतीकडे आहे, आणि त्याचे एक कारण अगदी व्यवहारातले आहे. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १४६ मुलांच्या अभ्यासात ज्यांच्या उपचाराची सुरुवात वर्तनोपचाराने झाली, त्यांचे पुढे अधिक चांगले झाले. सुरुवातीला औषध मिळालेल्या मुलांचे पालक मात्र नंतर प्रशिक्षणाला फारसे आलेच नाहीत. हे मी रोज पाहते. गोळीने घर शांत झाले की शनिवारची सत्रे कोणाला आठवत नाहीत.

पालक-प्रशिक्षण म्हणजे उपदेशाचे भाषण नव्हे. एका वेळी एकच सूचना, तीही जवळ जाऊन आणि डोळ्यांत पाहून देणे. चांगले वागल्याबरोबर, त्या क्षणी, नेमके काय आवडले ते सांगून कौतुक करणे. अभ्यासाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करणे. शिक्षा आधी ठरलेली, छोटी आणि दर वेळी तीच ठेवणे. आणि शाळेतून रोज दोन-तीन ठरावीक गोष्टींची नोंद असलेले कार्ड घरी येणे, ज्यावर त्याच संध्याकाळी छोटे बक्षीस मिळते. हे ऐकायला सोपे आणि एकत्र कुटुंबात पाळायला महाकठीण आहे, कारण आईने नाही म्हटलेली गोष्ट आजीने दिली की आठवड्याचे काम वाया जाते. म्हणून एका सत्राला सासूबाईंनाही घेऊन जा. साखर बंद केल्याने अतिचंचलता जात नाही, हे चाचण्यांतून स्पष्ट झाले आहे. काही कृत्रिम खाद्यरंगांचा थोडा परिणाम २००७ मधील ब्रिटिश प्रयोगात दिसला होता, त्यामुळे रंगीबेरंगी गोळ्या-चॉकलेटे कमी केली तर नुकसान काहीच नाही. ब्राह्मीवर काही छोटे अभ्यास झाले आहेत, पण मिथाइलफेनिडेटशी तुलना करावी असा पुरावा त्यातून मिळत नाही.

काही मुलांना मी औषध देण्यासाठी थांबत नाही. रस्त्यावर वाहनांपुढे धावणारे, वारंवार जखमी होणारे, वर्गात एकही मित्र न उरलेले, ‘मी वाईटच आहे’ असे स्वतः म्हणू लागलेले मूल परिस्थिती सुधारण्याची वाट पाहू शकत नाही. अशा वेळी विकार खरा असल्याची खात्री करून औषध आणि वर्तनोपचार बरोबरच सुरू करावे लागतात. आपल्या पत्रात यातले काहीच नाही. त्यात वही अपुरी राहणे आहे, जागेवरून उठणे आहे, आणि घरच्या वागण्याबद्दल एकही तक्रार नाही, ही गोष्ट आपल्या लक्षात आली आहे का?

शाळेने औषधाची अट घालणे मला मान्य नाही. अमेरिकेत २००४ च्या कायद्याने सरकारी शाळांना अशी अट घालण्यास स्पष्ट बंदी केली. आपल्याकडे औषधाबाबत तसे कलम नाही, परंतु शिक्षणहक्क कायद्यानुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही. अल्पसंख्याक संस्थांच्या शाळा या कायद्याच्या बाहेर आहेत, तेव्हा आपली शाळा कोणत्या प्रकारात मोडते ते आधी पाहून घ्या. तरी सुरुवात कायद्याने करू नका. मुख्याध्यापिकांना लेखी पत्र द्या, तपासणी सुरू असल्याचे कळवा, वर्गशिक्षिका आणि आणखी एका शिक्षकाकडून प्रश्नावली भरून मागा, आणि पुढच्या बाकावरची जागा, मधूनमधून उठण्याचे एखादे काम, उतरवून घेण्याचा मजकूर कमी करणे आणि रोजचे कार्ड, एवढ्या चार गोष्टी एका सत्रापुरत्या मागा. बहुतेक शिक्षिका हे करायला तयार होतात. त्यांना हवे असते ते कोणीतरी जबाबदारी घेतल्याचे आश्वासन.

दरम्यान विकासात्मक बालरोगतज्ज्ञ किंवा बालमानसोपचारतज्ज्ञ यांच्याकडे दुसरे मत घ्या आणि वर सांगितलेल्या तपासण्या पूर्ण करा. तिसरीच्या पहिल्या सत्राअखेर मूल आठ वर्षांचे होत आलेले असेल, अध्ययन-अक्षमतेची चाचणीही करता येईल. तेव्हाही घरी आणि शाळेत, दोन्हीकडे, अडथळा तसाच असेल, तर औषधाचा प्रयोग जरूर करा, आणि घरातून ‘गोळीच कशाला’ असा सूर निघाला तरी टाळू नका. काय सुधारायला हवे ते दोन-तीन ओळींत आधी लिहून ठेवा, लहान डोसपासून सुरुवात करा, शिक्षकांना साप्ताहिक नोंद करायला सांगा आणि महिन्याभरात फरक दिसला नाही तर डोस किंवा औषध बदलण्याविषयी डॉक्टरांशी बोला. फरक पडला तरी वर्षातून एकदा, शाळा सुरू असताना आणि परीक्षा जवळ नसताना, डॉक्टरांच्या सल्ल्याने औषध थोडे दिवस थांबवून त्याची गरज उरली आहे का ते पाहावे. वर सांगितलेल्या अमेरिकी अभ्यासातील ५७९ मुलांचा पुढे सुमारे सोळा वर्षे मागोवा घेतला असता बहुसंख्यांची लक्षणे कमी होऊन पुन्हा परतत राहिल्याचे दिसले, त्यामुळे एका वर्षी गोळी सुटली म्हणून कायमची सुटली असे समजू नये, आणि पुन्हा लागली तर आपण हरलो असेही वाटून घेऊ नये.